सतरा आकडी संख्या आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

कागद आणि पेन्सिल घ्या. एका ओळीत नऊ वेळा १ लिहा. आता या संख्येला तिनंच गुणा. दुकानातला बारा आकडी कॅलक्युलेटर इथं हात टेकतो, म्हणून शाळेत शिकलो तसा उभा गुणाकारच करायचा. उत्तर येतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढत गेलेले आणि तसेच पायरी-पायरीनं खाली उतरलेले सतरा आकडे. डावीकडून वाचा की उजवीकडून, संख्या तीच. किती मोठी? १२३ कोटी माणसांना प्रत्येकी एक कोटी रुपये वाटले तरी बरीच रक्कम शिल्लक राहील, एवढी.

रत्नागिरीत आमच्या घरातल्या मुलांना आम्ही हा गुणाकार करायला दिला. आधी नाकं मुरडली गेली. पण उत्तर कागदावर उतरलं तसा मोबाइल बाजूला पडला. आठ एक घेतले तर काय होईल, दहा घेतले तर काय, यावर अर्धा तास वाद चालला.

या संख्येच्या घराण्याला नाव दिलं ते नाशिकजवळच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांचं नाव आहे. आपल्याकडे मात्र कित्येक घरांत मुलांना ते ठाऊक नसतं. म्हणून आज त्यांची गोष्ट. या गोष्टीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचाही एक धागा आहे, तो पुढे येईलच.

डहाणू, ठाणे, पुणे

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आपल्यासारखंच समुद्रकाठचं गाव. मुलगा आठ वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी त्याला वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिषावर आपला विश्वास नाही, तो विषय बाजूला ठेवू. पण कुंडली मांडायची तर आकडेमोड पक्की लागते, आणि आईविना वाढणाऱ्या या पोराला आकड्यांची गोडी लागली ती वडिलांकडून. बापाकडे इस्टेट नव्हती. होतं ते पोराला दिलं.

शाळेचं शिक्षण ठाण्याला झालं. तिथं गणिती कोडी सोडवण्यात मुलाचे तासन्‌तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले.

रत्नागिरीचा धागा इथं जोडला जातो. दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावात १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जन्मले. कोकणातल्या खेड्यातला हा मुलगा केंब्रिजला गेला आणि १८९९ साली तिथल्या गणिताच्या कठीण परीक्षेत पहिल्या क्रमांकावर आला. सीनियर रँग्लर हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांनी अनेक वर्षं फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळलं. त्यांच्या नावानं तिथं गणिताचं एक बक्षीस होतं. विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोक्यानं काही नवं गणित केलं असेल, तर त्यासाठी. १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं.

बक्षीस देणारं नाव कोकणातून केंब्रिजला पोहोचलेलं. घेणारा मात्र पुण्याहून परदेशी गेला नाही. १९२९ साली त्यांनी बी.एस्सी. केलं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पुढची पदवी नाही, संशोधनासाठी कुणी मार्गदर्शक नाही, विद्यापीठात नोकरी नाही. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवत राहिले.

रेल्वे स्टेशनवर सुचलेलं गणित

आता आपल्या सतरा आकडी संख्येकडे येऊ. कापरेकरांनी या जातीच्या संख्यांना डेम्लो हे नाव दिलं. नाव ऐकून वाटतं एखादा परदेशी पंडित असेल. तसं काही नाही. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. आजची डोंबिवली. तिथं ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना दिलं. १९३८ साली त्यांनी या संख्यांवर छापील लेखही लिहिला.

डेम्लो संख्या ओळखायची कशी? संख्येचे तीन भाग करायचे. डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधल्या भागातला आकडा मिळायला हवा. १६५ घ्या. १ आणि ५ मिळून ६, आणि मध्ये ६ बसलाच आहे. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, मध्ये दोन ५. आता आपली मोठी संख्या. मधला ९ बोटानं झाका. डावीकडे उरतात १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९. सगळे नऊच नऊ.

हे घडतं कसं, तेही गुणाकारातच दिसतं. उभा गुणाकार मांडला की नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच १ येतो, दुसरीत दोन, तिसरीत तीन, आणि अगदी मधल्या रांगेत नऊ. पुढे पुन्हा आठ, सात असं उतरत जातं. कुठंही हातचा येत नाही, म्हणून जिना सरळ राहतो. दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा भरतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब. आमच्या घरातला वाद इथं मिटला.

आनंद देणाऱ्या संख्या

कापरेकरांनी आणखी एका जातीला नाव दिलं. हर्षद, म्हणजे आनंद देणारी. संख्येतल्या आकड्यांची बेरीज करा. त्या बेरजेनं मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद. १८ घ्या. १ आणि ८ मिळून ९, आणि ९ नं १८ ला भाग जातो. श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे गाजलेली १७२९ ही संख्याही हर्षदच. आकड्यांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९.

आपली सतरा आकडी संख्या हर्षद आहे का? आकड्यांची बेरीज करा, ८१ येते. हे ८१ कुठून आले? नऊ ओळींत नऊ-नऊ एक लिहिले होते, म्हणजे एकूण ८१ एक. हातचा कुठंच गेला नाही, त्यामुळे तेच ८१ उत्तराच्या आकड्यांत वाटले गेले. आता भागाकार करा. भाग पूर्ण जातो, बाकी शून्य, आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१. हे तरी साधं असावं? तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. एकपासून नऊपर्यंतचे आकडे क्रमानं, फक्त ८ वगळून. एक दार उघडावं आणि आत दुसरं दार दिसावं, तसं हे गणित आहे. कापरेकर आयुष्यभर याच दारांपुढे रमले.

६१७४

१९४६ साली त्यांना जे सापडलं, त्यानं त्यांचं नाव कायमचं झालं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकसारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आलं तर ते गाळायचं नाही, आकडा म्हणूनच धरायचं. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं आणि तिथंच थांबतं, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात.

आम्ही कापरेकरांचं जन्मसाल घेऊन पाहिलं.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पूर्ण सात पायऱ्या. १९०५ साली जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत लांबचा रस्ता आला, पण मुक्कामी तो पोहोचला. आणि ६१७४ हर्षदही आहे. आकड्यांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३. हा ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

१९४९ साली मद्रासला गणिताची परिषद भरली, तिथं त्यांनी हा शोध मांडला. आज जग याला कापरेकर स्थिरांक म्हणतं.

हसणारे लोक

जगानं त्यांना लगेच डोक्यावर घेतलं असं मात्र झालं नाही. आपल्याच देशातले अनेक गणितज्ञ त्यांच्यावर हसत. शाळामास्तरचा पोरखेळ, यात खोल काही नाही, असा सूर असे. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळणं कठीण होतं. मग कापरेकर देवळालीतून स्वतःच पुस्तिका छापून काढत. मास्तरच्या पगारात.

हसणाऱ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. आपण दहाच्या पटीत मोजतो, बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. आठच बोटं असती तर आकडे वेगळे लिहिले असते आणि ६१७४ ची ही जादू दिसली नसती. आपल्या सतरा आकडी संख्येचा जिनाही नवावर थांबला नसता. गणितज्ञांना वाटे, जे लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे ते संख्येचं खरं सत्य नव्हे.

पण गोष्ट तिथं संपत नाही. कापरेकरांनी आणखी एक जात शोधली होती, तिला आता कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. तुकडे ८८ आणि २०९, बेरीज २९७. मोठी हवी तर १४२८५७ घ्या. वर्ग २०४०८१२२४४९. तुकडे २०४०८ आणि १२२४४९. बेरीज १४२८५७.

हा योगायोग नाही. ४५ आणि तिच्या मागची ४४ पाहा. ४५ मध्ये ९ दडलाय, ४४ मध्ये ११. नऊ गुणिले अकरा म्हणजे ९९. २९७ आणि २९६ पाहा. पहिलीत २७ आहे, दुसरीत ३७. दोघांचा गुणाकार ९९९. म्हणजे सगळं सूत्र ९९, ९९९, ९९९९९९ अशा संख्यांच्या अवयवांत आहे. २००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञानं हा संबंध पूर्णपणे सिद्ध केला. तेव्हा कापरेकरांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. ज्याला पोरखेळ म्हटलं गेलं, त्याच्या तळाशी पक्कं गणित होतं. मास्तरांना त्याचा सुगावा पेन्सिलीच्या टोकावर लागला होता.

बगदादपासून चालत आलेला छंद

संख्यांशी असं खेळणं काही नवं नाही, आणि आपल्याला परकंही नाही. आखातात गाड्यांच्या नंबरप्लेटवर जे अंक आपण पाहतो, त्यांना अरब लोक आजही हिंदी अंक म्हणतात. हिंदुस्थानातली ही लिहिण्याची रीत अल-ख्वारिज्मींच्या ग्रंथांतून पुढे पसरली, आणि त्यांच्याच नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला. आपल्या मुलांच्या मोबाइलमधलं प्रत्येक ॲप त्यावर चालतं.

नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा मित्रसंख्यांच्या मागे लागले होते. २२० ला ज्या लहान संख्यांनी भाग जातो त्यांची बेरीज २८४ होते, आणि २८४ चं तसंच केलं तर २२० येते. अशा जोड्या शोधण्याची रीत त्यांनी सिद्ध केली. चौदाव्या शतकाच्या सुमारास कमालुद्दीन अल-फारिसींनी त्यातून १७२९६ आणि १८४१६ ही जोडी काढली. इंद्रधनुष्य कसं तयार होतं याचा उलगडा करणारे विद्वान तेच. फ्रान्सच्या फर्मांना तीच जोडी १६३६ साली सापडली, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षांनी. त्या काळी या जोड्यांचा बाजारात काय उपयोग होता? काहीच नाही. पण अशाच कामातून संख्यांचं शास्त्र उभं राहिलं. कापरेकर मास्तर देवळालीत याच रांगेत उभे होते.

अखेरची वर्षं

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६३ मध्ये त्यांनी स्वयंभू संख्यांची कल्पना मांडली. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिचेच आकडे मिळवले की नवी संख्या तयार होते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पण २० कुठल्याच संख्येतून अशी निघत नाही. तिला जन्म देणारी संख्याच नाही, म्हणून ती स्वयंभू. या संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. पहिलं नाव डोंबिवलीचं दिलं होतं, आता ज्या गावानं पोटाला घातलं त्याचं.

१९६६ साली पत्नी वारल्या. मुळातच ते अतिशय काटकसरीत राहत. तरी पेन्शन पुरेना. उतारवयात गणित आणि शास्त्राच्या शिकवण्या घेऊन त्यांना घर चालवावं लागलं. दिवसा शिकवणी, आणि उरलेला वेळ संख्यांना.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर गणिती कोड्यांचं सदर लिहीत. जगभरचे गणितप्रेमी ते वाचत. त्यात त्यांनी कापरेकरांच्या कामावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव देशोदेशी पोहोचलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. पेन्शन त्यानं वाढली नाही, पण हसणाऱ्यांना उत्तर मिळालं. १९८६ साली कापरेकर गेले.

आपल्या घरात

आम्ही ही गोष्ट का सांगितली? आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य फार सहज बोललं जातं. गणित आपल्या पोरांना जमत नाही. दहावीला सुटलं की सुटलो. पुढे काहीतरी कोर्स करेल आणि आखातात जाईल. मुलीच्या बाबतीत तर तेवढाही विचार होत नाही. पण मिरकरवाड्याच्या बंदरावर माशांचा लिलाव चालू असताना कान देऊन ऐका. शेकड्यांचे, हजारांचे हिशेब क्षणात तोंडी होतात, कागदाशिवाय. ते डोकं आपल्याच घरातलं आहे. ते वहीपर्यंत पोहोचत नाही, कारण वहीतल्या गणिताची आपण मुलांना भीतीच दाखवत आलो. गोडी लावली नाही.

कापरेकरांच्या वडिलांनी ती लावली. ते प्राध्यापक नव्हते, कारकून होते. कापरेकरांकडे मोठी पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, महागडा क्लास नव्हता. लोक हसले तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही आणि काम सोडलंही नाही. आपल्या पोरांना इल्मची ओढ लागावी असं आपण म्हणतो. ओढ ही अशी दिसते, निवृत्तीनंतरही चालू राहणारी.

फार काही करायचं नाही. आज रात्री दस्तरखान उचललं की सगळ्यांनी आपापलं जन्मसाल कागदावर लिहायचं. आजी-आजोबांनीसुद्धा. आकडे उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा. कोण किती पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचतं ते पाहा. कुणाला तीन लागतील, कुणाला सात. जो शेवटी पोहोचेल त्याला सांगा की कापरेकर मास्तरांनाही सातच लागल्या होत्या.